हिरवळीचे राखणदार

क्रिकेटचा सामना पाहावयास जाणाऱ्या मनुष्याची नजर फलंदाजाच्या मनगटावर, गोलंदाजाच्या बोटांवर, फार तर धांवफलकावर असते. ज्या बावीस यार्ड जमिनीवर हा सारा खेळ उभा असतो, तिच्याकडे लक्ष जातें तें ती बिघडली म्हणजेच. चेंडू अकस्मात् उसळला कीं खेळपट्टीला नांवें ठेवावयाचीं, आणि शतक निघालें कीं फलंदाजाचें कौतुक करावयाचें, असा प्रेक्षकांचा जुना रिवाज आहे. त्या जमिनीवर पहांटे रूळ फिरविणारा मनुष्य कोण, त्याला हें काम कोणीं शिकविलें, त्याला काय मिळतें आणि या धंद्यांत शिरलेल्या मनुष्यास कोठवर चढतां येतें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः या धंद्याला दीडशेंहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासांत स्कॉटलंडांतील एका विणकराच्या मुलाला जें स्थान मिळालें, तें पुण्याच्या छावणींत वाढलेल्या एका चर्मकाराच्या मुलाला कां मिळालें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

आरंभीं इंग्लंडांत मैदानाचें गवत राखण्याचें काम माणसांकडे नव्हतेंच. तें मेंढ्यांकडे होतें. लंडनच्या सुप्रसिद्ध लॉर्ड्स मैदानाचा संस्थापक टॉमस लॉर्ड हा मोठा हिकमती गृहस्थ. त्यानें १७८७ सालीं आपलें पहिलें मैदान उघडलें. पुढें दोन वेळां जागा सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्यानें तेथील गवत मातीच्या थरासकट उचलून नव्या जागीं नेऊन अंथरलें. १८१४ पासून लॉर्ड्स आजच्या जागीं आहे. त्या गवताची किंमत मालकाला इतकी वाटत होती. परंतु तें राखण्यासाठीं कोणी पगारी मनुष्य मात्र नेमलेला नव्हता. सामन्यापूर्वीं मेंढ्यांचा कळप आंत सोडीत. मेंढ्या चरून गेल्या, कीं चार पोरें उरलेलीं जाड ताटें हातानें उपटून काढीत, आणि खेळपट्टी तयार झाली असें समजत.

श्रीमंतांच्या बागांतून मात्र निराळी रीत होती. तेथें लांब दांड्यांचे विळे घेतलेले मजूर उजाडतांना, गवतावर दंव असतांनाच, ओळीनें उभे राहून गवत कापीत. कारण ओल्या गवतावरच विळ्याचें पातें सफाईनें चालतें. काम कसबाचें, वेळ अवेळीं, आणि ऊन चढलें म्हणजे थांबणें भाग. ही अडचण दूर केली ती एखाद्या बागवानानें नव्हे, तर कापडाच्या गिरण्यांशीं संबंध असलेल्या एका कारागिरानें. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवाच्या आसपास लोंकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जी लव उभी राहते ती कातरण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें एक यंत्र वापरीत. एडविन बडिंग याच्या मनांत आलें, कीं जें लवेला चालतें तें गवताला कां चालूं नये? १८३० च्या ऑगस्टमध्यें त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. खेड्यांतील सुखवस्तु गृहस्थांना हें यंत्र स्वतः चालविण्यांत करमणूक आणि व्यायाम दोन्ही लाभतील, असेंही त्यानें पेटंटाच्या कागदांत नमूद करून ठेवलें आहे. गृहस्थांनीं तें विशेष मनावर घेतल्याचें दिसत नाहीं. यंत्र अखेर माळ्याच्याच हातीं आलें.

यंत्रामुळें माळ्याची भाकरी जाईल अशी भीति कोणासही वाटली असती. पण झालें उलट. हिरवळ राखणें स्वस्त झालें, म्हणून ती जेथें नव्हती तेथें होऊं लागली, आणि तिच्यावर खेळावयाचे नवे खेळ निघाले. १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यांनीं लॉन टेनिसचें पेटंट घेतलें. या खेळाची जी स्पर्धा आज जगभर गाजते, त्या विंबल्डनचा उगमही एका रुळापाशीं आहे. तेथील क्लबाचा, तट्टू जोडून ओढावयाचा, भला मोठा रूळ नादुरुस्त झाला. दुरुस्तीस पैसा हवा, म्हणून १८७७ सालीं क्लबानें टेनिसची स्पर्धा भरविली. रूळ ओढणाऱ्या तट्टांच्या खुरांनीं हिरवळ खराब होऊं नये म्हणून त्यांना चामड्याचे बूट घालण्याची त्या काळीं चाल होती. तट्टाच्या पायांची एवढी काळजी घेणाऱ्या लोकांनीं त्याच्यामागून चालणाऱ्या माणसाच्या पायांत काय असे, याची नोंद क्वचितच ठेवली आहे.

लॉर्ड्सवर पहिला पगारी मैदानरक्षक नेमला गेला तो १८६४ सालीं. तो आल्यानें मैदान लगेच सुधारलें नाहीं. खेळपट्टीवरचे बारीक खडे मुठीनें गोळा करतां येतात, अशी खेळाडूंची तक्रार चालूच होती. १८७० च्या जून महिन्यांत नॉटिंगहॅमशायरचा जॉर्ज समर्स हा पंचवीस वर्षांचा फलंदाज तेथें खेळत असतां एक चेंडू भलताच उसळून त्याच्या डोक्यास लागला, आणि चार दिवसांनीं तो मरण पावला. मैदान राखणें ही शोभेची बाब नसून तींत माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, हें क्रिकेटच्या जगाला त्या दिवशीं कळून चुकलें.

क्रिकेटच्या आधींच गोल्फनें मात्र या धंद्याला नांव आणि पद दिलें होतें. टॉम मॉरिस हा १८२१ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज या समुद्रकांठच्या गांवीं जन्मला. बाप विणकर. त्या काळीं गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून बनवीत. तें काम शिकावयास टॉम हा अॅलन रॉबर्टसन या प्रसिद्ध कारागिराकडे उमेदवार म्हणून राहिला. पुढें गटापर्चाचे नवे स्वस्त चेंडू निघाले, आणि त्यांवरून गुरुशिष्यांचें बिनसलें. १८५१ सालीं टॉम प्रेस्टविक येथें गेला. तेथें त्यानें वाळूच्या टेकाडांतून बारा भोंकांचें मैदान आंखलें आणि तेंच राखण्याची नोकरी पत्करली. त्याच्या पदाचें नांवच 'हिरवळीचा राखणदार' असें होतें. त्याच मैदानावर १८६० सालीं पहिली ओपन स्पर्धा झाली. टॉम तींत दुसरा आला, आणि पुढें १८६१, १८६२, १८६४ व १८६७ अशीं चार वर्षें त्यानें ती जिंकली.

सेंट अँड्र्यूजच्या मंडळीनें त्याला परत बोलाविलें तें सालीना पन्नास पौंड पगारावर, आणि मैदानाच्या खर्चासाठीं आणखी वीस पौंड देऊन. जड कामाला आठवड्यांतून दोन दिवस एक मजूर. पदाचीं चिन्हें म्हणून त्याच्या हवालीं करण्यांत आलीं तीं एक हातगाडी, एक कुदळ व एक फावडें. एवढ्या सामग्रीवर त्यानें झुडपांनीं गिळलेलें मैदान मोकळें केलें, नव्या हिरवळी घातल्या आणि जुन्या सुधारल्या. त्याचें मोठें औषध म्हणजे वाळू. प्रेस्टविक येथें एकदां वाळूची गाडी हिरवळीवर कलंडली, आणि कांहीं दिवसांनीं नेमक्या त्याच ठिकाणीं गवत दाट फुटलेलें त्याला दिसलें, अशी कथा सांगतात. कथेंत मीठमसाला असेल. तत्त्व मात्र खरें आहे. वाळूचा पातळ हात दिल्यानें खांचखळगे भरून येतात, मेलेल्या गवताचा थर कुजून जातो आणि जमिनीलगतच्या कोंभांना नवीं मुळें फुटतात. आजही जगांतील प्रत्येक चांगल्या गोल्फ-मैदानावर हाच उपाय चालतो. त्याचा दुसरा नियम याहून सोपा होता. रविवारीं खेळ बंद. खेळाडूंना विश्रांति नको असली तरी गवताला ती हवीच. सेंट अँड्र्यूजचें जुनें मैदान कांहीं अपवाद सोडल्यास आजतागायत रविवारीं खेळास बंद असतें.

टॉम १९०३ सालीं कामांतून निवृत्त झाला आणि १९०८ सालीं वारला. त्याचें चित्र नामांकित चित्रकाराकडून काढवून घेण्यांत आलें, आणि मैदानाच्या शेवटच्या हिरवळीला त्याचें नांव आहे. तो जन्मभर सरदार-सावकारांच्या मंडळीचा पगारी चाकरच होता, हें विसरतां कामा नये. परंतु ज्या हातांत फावडें होतें त्याच हातांत खेळाची काठी घेण्यास त्याला कोणी मना केलें नाहीं.

हाच खेळ आणि हेंच गवत हिंदुस्थानांत आलें तेव्हां मैदानावरून निराळाच झगडा सुरू झाला. मुंबईच्या पारशी तरुणांनीं १८४८ सालीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ते खेळत. १८७५ सालीं युरोपियनांचा जिमखाना त्याच मैदानावर उभा राहिला आणि मैदानाचा एक तुकडा एतद्देशीयांना बंद झाला. उरलेल्या भागांत गोरे अंमलदार घोड्यांवर बसून पोलो खेळूं लागले. पावसाळ्यानंतर कष्टानें सारखी केलेली खेळपट्टी घोड्यांच्या टापांखालीं एका संध्याकाळींत नांगरल्यासारखी होई. १८८१ सालीं देशी क्रिकेटपटूंनीं सरकारकडे अर्ज केला. एकदां त्यांच्या बाजूचा निकाल झाला, पुन्हां तो फिरला, पुन्हां अर्ज गेले. या लढ्यांत अग्रभागीं असलेल्या शापूरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं त्याचा सबंध इतिहासच लिहून ठेवला. अखेर समुद्रकिनाऱ्यालगत भर घालून काढलेल्या जमिनींतून पारशांना, मग मुसलमानांना व हिंदूंना आपापल्या जिमखान्यांसाठीं जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्हवरून जातांना ओळीनें दिसणारीं तीं मैदानें या भांडणाची फलश्रुति होय. गवत कोणाच्या पायांखालीं असावें, हा त्या काळीं राजकारणाचा प्रश्न होता.

पण पारशी मैदानावर काय किंवा गोऱ्यांच्या मैदानावर काय, रूळ ओढणारा मनुष्य तिसराच असे. पालवणकर बाळू यांचें घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें, जात चर्मकाराची. बाप लष्कराच्या चाकरींत, त्यामुळें बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम पुण्यास वाढले, आणि साहेबांनीं टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्लबाच्या मैदानावर. खेळपट्टी झाडावयाची, रूळ फिरवावयाचा, आणि सभासदांची मर्जी असेल तेव्हां त्यांना चेंडू टाकावयाचे. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले. तेथें एक रुपया वाढला. खेळपट्टी लाटणें व आंखणें, सरावाचीं जाळीं उभारणें, आणि लागेल तेव्हां टेनिसच्या कोर्टांच्या रेघा मारणें, हें काम. वर्षाचे अठ्ठेचाळीस रुपये म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीनें सुमारें तीन पौंड. टॉम मॉरिसला तीस वर्षांपूर्वीं पन्नास पौंड मिळत होते. विलायतेंत भाकरी महाग, तेव्हां ही तुलना सर्वस्वीं न्याय्य नव्हे. तरीही ती केल्यावांचून राहवत नाहीं.

पूना क्लबाचे साहेब लोक सरावाला आले, कीं त्यांना बॅट हवी असे. गोलंदाजी हें उन्हांत राबण्याचें काम, तें चाकरांनीं करावें. अशा रीतीनें बाळूंच्या हातीं चेंडू आला. त्यांच्या डाव्या हाताची फिरकी पाहून कॅप्टन ग्रेग, जे त्या वेळीं या देशांतील गोऱ्या फलंदाजांत अग्रगण्य होते, इतरांच्या तासभर आधीं येऊन त्यांच्यापुढें सराव करीत. बाद केल्यास दर खेपेस आठ आणे बक्षीस, अशी आख्यायिका आहे. हजारों चेंडू त्यांनीं पूना क्लबाच्या जाळ्यांत टाकले असतील. परंतु फलंदाजीची संधि त्यांना तेथें कधींच मिळाली नाहीं. ज्या पट्टीवर रूळ फिरवावयाचा तिच्यावर बॅट घेऊन उभें मात्र राहावयाचें नाहीं, असा तो संकेत होता.

पुण्याच्या हिंदु क्लबाला युरोपियनांना हरवावयाचें होतें, आणि त्याला उपाय एकच होता. बाळूंना संघांत घ्यावें कीं नाहीं यावर बराच खल झाला, अखेर घेतलें. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळीं मात्र बाकीचे खेळाडू आंत पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, फेंकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत मिळे. जेवणाचें पानही वेगळें. चेंडूला विटाळ नाहीं आणि पेल्याला आहे, हें तर्कशास्त्र पुण्याच्या विद्वानांना त्या काळीं खटकलें नाहीं असें नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांनीं बरोबर खेळतां तर बरोबर जेवावयास काय हरकत आहे, असें स्पष्ट विचारलें.

याच काळांतील साताऱ्याच्या सामन्याची हकीकत मैदानरक्षणाच्या इतिहासांत मुद्दाम नोंदण्याजोगी आहे. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशीं सामना ठरला. बाळूंची फिरकी चालूं नये म्हणून यजमानांनीं आपल्या माळ्यास सबंध आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरविण्याची ताकीद दिली. पट्टी कांचेसारखी गुळगुळीत झाली. बाळूंनीं त्याच पट्टीवर सात गडी बाद केले. रुळाखालीं माती कशी वागते, कोठें ती घट्ट बसते आणि कोठें नुसती वरून चमकते, हें ज्याला वर्षानुवर्षें रूळ ओढून ठाऊक झालेलें, त्याला रुळाच्या बळावर अडविण्याचा तो बेत होता.

पुढें बाळू मुंबईस आले, रेल्वेंत नोकरीस लागले आणि हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धांवांनीं हरविलें. त्यांत बाळूंनीं आठ गडी टिपले. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं गेलेल्या संघांतून त्यांनीं विलायतेंत शंभरांवर बळी घेतले. मात्र हिंदु संघाचें नायकपद त्यांना कधींच दिलें गेलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, तेंही पुष्कळ वादावादीनंतर. बाळू १९५५ सालीं वारले. त्यांच्या हातांनीं जी खेळपट्टी लाटली, तिच्यावरूनच ते खेळांत शिरले. परंतु जो मार्ग टॉम मॉरिसला सरळ होता, त्यावर यांना पायरीपायरीला दार ठोठवावें लागलें.

त्यानंतरच्या काळांत या धंद्याचा पाया पिढीजात हातोटीवरून शास्त्राकडे सरकला. अमेरिकेच्या गोल्फ संघानें १९२० सालीं हिरवळीच्या अभ्यासासाठीं स्वतंत्र खातें काढलें. इंग्लंडांत १९२९ सालीं यॉर्कशायरमधील बिंगली येथें संशोधनकेंद्र सुरू झालें. तें आज क्रीडांगणाच्या हिरवळीचा सल्ला देणारी एक मान्यवर संस्था म्हणून ओळखलें जातें. माळी परंपरेनें जें करीत आला त्याची कारणें आतां कळूं लागलीं. खेळपट्टीची माती चिकण हवी; ती भिजवून, ती वाळत जात असतांना, दिवसेंदिवस थोडी थोडी लाटावयाची. फार ओलीवर रूळ फिरविला तर ती चिखलासारखी सरकते, फार कोरडीवर फिरविला तर नुसता घाम येतो. गवताचीं मुळें खालचें पाणी ओढून घेऊन पट्टी आंतून सारखी वाळवितात आणि माती बांधून धरतात. म्हणून बोडकी दिसणारी चांगली पट्टी खरोखर बोडकी नसते. आपल्याकडील मैदानांवर हें काम बहुधा हरळी करते. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या ह्याच. शेतकरी जिला शेतांतून उपटून थकतो, तीच हरळी बर्म्युडा या नांवानें उष्ण देशांतल्या मैदानांवर मोठ्या खर्चानें लावतात.

माती, पाणी, खत, कीड, निचरा आणि यंत्रें इतक्या गोष्टी जेथें कळाव्या लागतात, तेथें शिकलेल्या मनुष्यास जागा असणारच. महाराष्ट्रांत दापोली व पुणें येथें उद्यानविद्येची पदवी मिळते. मोठ्या मैदानांवर क्युरेटर हें जबाबदारीचें पद झालें आहे. मुंबईच्या वानखेडे मैदानाचे क्युरेटर म्हणून अनेक वर्षें काम केलेले सुधीर नाईक हे १९७४ सालीं भारताकडून इंग्लंडांत कसोटी खेळलेले, आणि त्याआधीं मुंबईला रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला ती खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखालीं तयार झाली. बाळू रूळ सोडून संघांत आले. नाईक संघ सोडून रुळाकडे आले. ते २०२३ सालीं निवर्तले.

पदवीधर आणि नामवंत मंडळींच्या खालीं जो ओढणारा व उचलणारा वर्ग आहे, त्याचें नांव अद्यापिही क्वचितच छापून येतें. २०२३ च्या सप्टेंबरांत कोलंबो येथें आशिया चषकाची स्पर्धा पावसानें पुनःपुन्हां थांबत होती आणि मैदानावरचे लोक भिजत आच्छादनें ओढीत होते. अंतिम सामन्यांत महंमद सिराज यानें २१ धांवांत सहा गडी बाद केले आणि बक्षिसाचे पांच हजार डॉलर तेथल्या तेथें त्या लोकांना देऊन टाकले. २०२४ च्या मे महिन्यांत भारतीय क्रिकेट मंडळानें आयपीएलच्या दहा नेहमींच्या मैदानांवरील माळी व क्युरेटर यांना प्रत्येक मैदानामागें पंचवीस लाखांचें बक्षीस जाहीर केलें.

मुंबईंत पावसाळ्यांत कांगा लीगचे सामने होतात. १९४८ पासूनची ही प्रथा; खेळपट्ट्या उघड्याच असतात आणि पाऊस पडेल तसा पडतो. आझाद मैदानावर क्लबांचे तंबू आहेत, आणि त्यांत पुष्कळदां माळ्याचेंही बिऱ्हाड असतें. शनिवारीं रात्रीं सर पडली, कीं रविवारीं उजाडतांना तो उठतो, अनवाणी पट्टीवर जातो आणि अंगठ्यानें माती दाबून पाहतो. खेळ साडेदहाला सुरू होईल कीं बाराला, हें तो तेथेंच ठरवितो, आणि मग रुळाकडे वळतो.